विकास बँका व जीवाश्म इंधने

विकास बँका व जीवाश्म इंधने : शासनांच्या मालकीच्या अथवा अनेक शासनांच्या भागभांडवलावर उभ्या असलेल्या विकास बँकांनी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांवर आधारलेल्या प्रकल्पांना कर्ज, हमी वा भागभांडवल देणे थांबवावे, यासाठी प्रकल्पबाधित लोकसमूह, नागरी संघटना, संसदा आणि काही भागधारक शासने यांनी चालविलेल्या प्रयत्नांचा विचार या नोंदीत केला आहे. जागतिक बँक गट, आशियाई विकास बँक, आफ्रिकी विकास बँक, यूरोपीय गुंतवणूक बँक व पुनर्रचना आणि विकासाची यूरोपीय बँक या बहुराष्ट्रीय संस्था, तसेच जपान, चीन, दक्षिण कोरिया, भारत इ. देशांच्या आयात-निर्यात बँका आणि विकास-साहाय्य संस्था या प्रयत्नांचे लक्ष्य ठरल्या आहेत. निर्यात-पत संस्था काटेकोर अर्थाने विकास बँका नव्हेत. तथापि त्यांचा पैसाही सार्वजनिक असल्याने व तो त्याच प्रकल्पांत जात असल्याने त्यांचा विचार सामान्यतः एकत्रच केला जातो.

खाजगी बँकांवरील दबाव आणि सार्वजनिक बँकांवरील दबाव यांत एक मूलभूत फरक आहे. खाजगी बँकेला तिचे ग्राहक व भागधारक यांच्यामार्फतच अडविता येते; सार्वजनिक बँक मात्र करदात्यांच्या पैशावर व शासनाच्या पतीवर चालते, तिला लिखित धोरणे असतात आणि तिच्या संचालकाला आपल्या देशाच्या अर्थमंत्रालयाकडून सूचना येतात. म्हणून तिच्याविरुद्धचा वाद हा नफ्यातोट्याचा न राहता उत्तरदायित्वाचा होतो. दुसरे असे, की औष्णिक विद्युत् केंद्र, वायुवाहिनी यांसारख्या प्रकल्पांचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या कर्जातून उभा राहतो. अशा कर्जात सार्वजनिक बँकेचा वाटा एकूण खर्चाच्या मानाने लहान असला, तरी तिच्या सहभागामुळे राजकीय जोखीम कमी झाल्याचे मानून इतर धनको पुढे येतात. तो लहान वाटा काढून घेतल्यास पुष्कळदा संपूर्ण वित्तरचनाच ढासळते. दबाव नेमका या ठिकाणी आणला जातो.

पूर्वपीठिका : जीवाश्म इंधनांना कर्ज देणे हे विकास बँकांचे दीर्घकाळ भूषण मानले जाई. तुर्भे येथील औष्णिक विद्युत् केंद्रासाठी जागतिक बँकेने १९५४ साली टाटा उद्योगसमूहाच्या वीज कंपन्यांना कर्ज दिले. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या विकासासाठी तेल व नैसर्गिक वायू आयोगाला १९७७ मध्ये १५ कोटी डॉलर मिळाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर आयात तेलाच्या बोजाखाली दबलेल्या देशांना स्वतःचे तेल शोधण्यास मदत करणे हे तेव्हा पुरोगामी धोरण होते. त्याच वर्षी सिंगरौली येथील महाऔष्णिक केंद्रासाठीही बँकेने कर्ज दिले. या प्रकल्पांमुळे वीज आली, हे निर्विवाद आहे. ती कोणाच्या जमिनीवर आली आणि धूर व राख कोणाच्या वाट्याला गेली, हे प्रश्न मात्र बँकेच्या मूल्यमापनात फारसे येत नसत.

ते येऊ लागले यामागे कोळशाचा नव्हे, तर नर्मदेवरील धरणाचा संघर्ष होता. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. गुजरात व मध्य प्रदेश यांबरोबरच महाराष्ट्रातील तत्कालीन धुळे (आता नंदुरबार) जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासी गावेही बुडिताखाली जाणार होती. नर्मदा बचाव आंदोलन आणि त्याचे परदेशातील सहकारी यांच्या दबावामुळे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिच्या १९९२ च्या अहवालात बँकेने स्वतःचेच नियम पाळले नसल्याचे स्पष्टपणे म्हटले होते. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने तीन सदस्यांचे निरीक्षण मंडळ स्थापन केले. बाधित व्यक्तींना आपल्या शासनाला वगळून थेट बँकेकडे तक्रार करता येणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय वित्त निगमाने १९९९ मध्ये आपल्या खाजगी क्षेत्रातील कर्जांसाठी लोकपालाचे पद निर्माण केले. आशियाई विकास बँकेसह इतर बँकांनीही अशा यंत्रणा उभारल्या. पुढे जीवाश्म इंधनांविरुद्धच्या चळवळीने वापरलेली बरीचशी साधने अशा रीतीने सातपुड्याच्या पायथ्याशी घडली. सिंगरौलीच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये निरीक्षण मंडळाचा दरवाजा ठोठावला. परंतु संचालक मंडळाने प्रत्यक्ष स्थळी चौकशी न करता वॉशिंग्टनमध्ये बसून कागदपत्रे तपासण्यापुरतीच परवानगी दिली. हक्क कागदावर मिळणे आणि तो वापरता येणे यांतील अंतर या प्रकरणात उघड झाले.

भागधारक व मतदान : जागतिक बँकेची कर्जे २५ कार्यकारी संचालकांचे मंडळ साध्या बहुमताने मंजूर करते. मते भांडवलाच्या प्रमाणात असतात. अमेरिकेकडे सु. १६ टक्के मते आहेत. बँकेची घटना बदलण्यास ८५ टक्के मते लागत असल्याने तेथे अमेरिकेला नकाराधिकार आहे, परंतु एखादे कर्ज एकट्या देशाला थोपविता येत नाही. म्हणून संघटनांचे काम एकाच वेळी अनेक राजधान्यांत चालते. अमेरिकी काँग्रेसने १९८९ मध्ये असा कायदा केला, की पर्यावरणीय परिणामांचा अहवाल मतदानापूर्वी १२० दिवस उपलब्ध नसेल, तर अमेरिकेच्या संचालकाने मोठ्या परिणामांच्या प्रकल्पाला अनुकूल मत देऊ नये. एका देशाच्या कायद्यामुळे सगळ्या बँकेला आपले कामकाज बदलावे लागले.

या पद्धतीची मर्यादा दक्षिण आफ्रिकेतील मेडुपी प्रकरणात दिसली. एस्कॉम या सरकारी कंपनीने सु. ४,८०० मेवॉ. क्षमतेचे कोळशावरील केंद्र हाती घेतले आणि एप्रिल २०१० मध्ये बँकेने ३७५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातील सु. ३०५ कोटी केवळ मेडुपीसाठी होते. अमेरिका, ब्रिटन, नेदर्लंड्स, इटली व नॉर्वे हे देश तटस्थ राहिले. तटस्थतेमुळे निषेधाची नोंद होते, कर्ज मात्र थांबत नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या देशात तोंड दाखविता यावे, अशीच ही सोय आहे.

धोरण याहूनही सावकाश बदलले. खाणउद्योगाला द्यावयाच्या कर्जांचा आढावा घेण्याचे काम बँकेने २००१ मध्ये इंडोनेशियाचे माजी पर्यावरणमंत्री एमिल सलीम यांच्याकडे सोपविले. कोळशाला वित्तपुरवठा तत्काळ बंद करावा व तेलाला २००८ पर्यंत बंद करावा, अशी त्यांची शिफारस होती. बँकेच्या व्यवस्थापनाने ती २००४ मध्ये अमान्य केली. नऊ वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, कोळशावरील विद्युत् केंद्रांना केवळ विरळ परिस्थितीतच साहाय्य देण्याचे बँकेने ठरविले. डिसेंबर २०१७ मध्ये पॅरिस येथील परिषदेत तिने २०१९ नंतर तेल व वायू यांच्या शोध व उत्खननाला पैसा न देण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोसोव्होतील लिग्नाइटवर चालणाऱ्या नियोजित केंद्राचा पाठिंबा बँकेने काढून घेतला. अपारंपरिक वीज आता कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त असल्याने कमीत कमी खर्चाचा पर्याय निवडण्याच्या आपल्याच नियमानुसार हा प्रकल्प बसत नाही, असे कारण बँकेने दिले. आंदोलकांचे वर्षानुवर्षांचे युक्तिवाद जे करू शकले नाहीत, ते सौर पट्टिकांच्या उतरत्या किंमतींनी सोपे केले, हे मान्य करावे लागते.

मुंद्रा : कच्छच्या किनाऱ्यावरील टाटा मुंद्रा अतिविशाल विद्युत् प्रकल्प हे या विषयातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. ८०० मेवॉ. क्षमतेच्या पाच संचांच्या या केंद्राला आंतरराष्ट्रीय वित्त निगम व आशियाई विकास बँक यांनी २००८ मध्ये प्रत्येकी ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. आयात कोळसा आणि अतिक्रांतिक तापमान-दाबाचे बाष्पित्र यांमुळे प्रत्येक एककामागे नेहमीच्या भारतीय केंद्रांपेक्षा कमी कार्बन बाहेर पडेल, असे कर्जाचे समर्थन होते. तुलना कोणाशी करावी यावर निष्कर्ष अवलंबून असतो. कोळशाची कोळशाशी तुलना केली की नवा कोळसा नेहमीच चांगला ठरतो. केंद्राच्या विजेपैकी ७६० मेवॉ., म्हणजे सु. एक-पंचमांश, महाराष्ट्राच्या वाट्याला ठरली होती.

शीतनासाठी समुद्राचे पाणी घेऊन ते गरम अवस्थेत परत सोडले जाते. मासेमारीच्या हंगामात किनाऱ्यावर तात्पुरत्या वस्त्या करून राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांनी मासे घटल्याच्या, सुकत घातलेल्या मासळीवर कोळशाची धूळ व राख बसत असल्याच्या आणि विहिरींचे पाणी खारट झाल्याच्या तक्रारी केल्या. मच्छीमार अधिकार संघर्ष संघटनेने २०११ मध्ये निगमाच्या लोकपालाकडे अर्ज केला. २०१३ च्या अहवालात लोकपालाने ही हंगामी कुटुंबे प्रकल्पबाधित म्हणून नीट विचारात घेतलीच गेली नव्हती, असे नमूद केले. वर्षातील काही महिनेच जेथे वस्ती असते, तेथे पाहणी करणाऱ्यांना गाव दिसत नाही. हा दोष केवळ मुंद्र्यापुरता नाही. तथापि लोकपालाचे निष्कर्ष निगमावर बंधनकारक नसल्याने प्रत्यक्षात फारसे काही बदलले नाही.

त्यानंतर २०१५ मध्ये काही मच्छीमार, शेतकरी व नवीनाळ ग्रामपंचायत यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात निगमावरच दावा लावला. १९४५ च्या अमेरिकी कायद्याने आंतरराष्ट्रीय संघटनांना परकीय शासनांप्रमाणे न्यायालयीन संरक्षण दिले आहे. हे संरक्षण १९४५ साली होते तसे संपूर्ण मानावे, की परकीय शासनांचे संरक्षण पुढे व्यापारी व्यवहारांपुरते संकुचित झाले तसे तेही संकुचित झाले असे मानावे, हा प्रश्न होता. ‘जाम विरुद्ध आंतरराष्ट्रीय वित्त निगम’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सात विरुद्ध एक मतांनी दुसरा अर्थ स्वीकारला. विकास बँकांना असलेले संपूर्ण संरक्षण संपले. मुंद्र्याच्या लोकांना मात्र याचा लाभ झाला नाही. खटला परत गेल्यावर खालच्या न्यायालयाने तक्रारीचे मूळ असलेले वर्तन भारतात घडले, अमेरिकेत नव्हे, असे म्हणून तो २०२० मध्ये फेटाळला. अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तो निर्णय कायम केला व २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लक्ष घालण्याचे नाकारले. तत्त्व प्रस्थापित झाले, भरपाई मिळाली नाही. दरम्यान इंडोनेशियातील कोळशाच्या किंमतीविषयीचे नियम बदलल्याने हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्याही तोट्यात गेला होता.

यूरोप व पूर्व आशिया : यूरोपीय गुंतवणूक बँकेने २०१३ मध्ये दर किवॉ. तास विजेमागे ५५० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडची मर्यादा घातली. नेहमीच्या कोळशाच्या केंद्रातून याहून कितीतरी अधिक उत्सर्जन होत असल्याने कोळसा आपोआप वगळला गेला. नैसर्गिक वायू मात्र राहिला; फेब्रुवारी २०१८ मध्ये याच बँकेने अझरबैजानचा वायू इटलीत आणणाऱ्या एड्रियाटिक पार वाहिनीला १५० कोटी यूरो दिले. मध्य व पूर्व यूरोपात बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या बँकवॉच या संघटना-जालासह अनेकांनी त्यावर टीका केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकेने ही मर्यादा २५० ग्रॅमवर आणली आणि २०२१ च्या अखेरीनंतर कार्बन न रोखणाऱ्या जीवाश्म इंधन प्रकल्पांना कर्ज न देण्याचा निर्णय घेतला. उत्तम कार्यक्षमतेचे वायूवरील केंद्रही या मर्यादेत बसत नाही. एका साध्या आकड्यात संपूर्ण धोरण सामावलेले असते, ते असे.

पूर्व आशियात संसदीय वादापेक्षा परराष्ट्रीय दबाव व देशाच्या प्रतिष्ठेचा विचार परिणामकारक ठरला. दक्षिण कोरियाने एप्रिल २०२१ मध्ये, तर चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परदेशांतील नवे कोळसा-प्रकल्प थांबविल्याचे जाहीर केले. आशियाई विकास बँकेचे कोळसा वगळणारे ऊर्जा धोरण त्याच वर्षी ऑक्टोबरात संमत झाले. जपानने जून २०२२ मध्ये बांगला देशातील मातारबाडी केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याला व इंडोनेशियातील इंद्रमायू प्रकल्पाला द्यावयाचे साहाय्य सोडून दिले. आफ्रिकेत केन्यातील लामू या प्राचीन बंदराजवळच्या कोळसा केंद्राचा परवाना तेथील पर्यावरण न्यायाधिकरणाने जून २०१९ मध्ये रद्द केला आणि त्यानंतर काही महिन्यांतच आफ्रिकी विकास बँक त्यातून बाहेर पडली. स्थानिक न्यायालय व परदेशी बँक यांवर एकाच वेळी आणलेला दबाव यशस्वी झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

उलट उदाहरण भारताच्या शेजारचे आहे. सुंदरबनालगतच्या रामपाल येथील १,३२० मेवॉ. क्षमतेच्या केंद्रासाठी भारतीय आयात-निर्यात बँकेने २०१७ मध्ये सु. १६० कोटी डॉलर देण्याचा करार केला. बांगला देशात मोठी आंदोलने झाली. २०१६ मध्ये युनेस्कोच्या पाहणी अहवालाने हा प्रकल्प अन्यत्र हलविण्याची शिफारस केली होती. तथापि हे कर्ज दोन मित्रराष्ट्रांच्या सहकार्याचा भाग असल्याने तो वाद बँकेच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. २०२२ च्या अखेरीस पहिला संच सुरू झाला.

पळवाटा : घोषणा आणि व्यवहार यांतील अंतर बहुधा व्याख्यांमध्ये दडलेले असते. ‘कार्बन न रोखणारे’ हे विशेषण वापरल्यास कार्बन पकडण्याचे आश्वासन देणारा प्रकल्प मोकळा राहतो. प्रमुख औद्योगिक देशांच्या जी-७ गटाने मे २०२२ मध्ये स्वीकारलेल्या वचनात ‘मर्यादित परिस्थिती’ वगळण्यात आली होती, आणि परिस्थिती मर्यादित आहे की नाही हे ठरविणारे तेच देश होते. याहून महत्त्वाची पळवाट मध्यस्थ बँकांची आहे. विकास बँक एखाद्या व्यापारी बँकेत भागभांडवल घालते व ती बँक कोळशाला कर्ज देते. कागदोपत्री विकास बँकेचा कोळशाशी संबंध राहत नाही. फिलिपीन्समधील रिझाल व्यापारी बँकेत निगमाने घातलेल्या पैशाविषयी २०१७ मध्ये तेथील संघटनांनी केलेली तक्रार या मार्गावर प्रकाश टाकणारी होती. लोकपालाच्या चौकशीत निगमाने आपल्या नियमांचे पालन केले नसल्याचे आढळले. धोरण-कर्जे व तांत्रिक साहाय्य हा तिसरा प्रकार होय. तेलविहिरीला पैसा न देण्याचे वचन अमलात येत असतानाच, २०१९ मध्ये, जागतिक बँकेने नव्याने तेल सापडलेल्या गुयानाला तेलक्षेत्राच्या प्रशासनासाठी २ कोटी डॉलर दिले.

आक्षेप : या चळवळीवरील गंभीर आक्षेप तेल कंपन्यांचे नसून गरीब देशांचे आहेत. कोळसा व तेल जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी, बँकांतील आपल्या मताधिक्याच्या बळावर, अद्याप अंधारात असलेल्या देशांना तो मार्ग बंद करावा, हे न्याय्य कसे, असा प्रश्न नायजेरियाचे तत्कालीन उपाध्यक्ष येमी ओसिनबाजो यांनी २०२१ मध्ये वायूच्या संदर्भात जाहीरपणे मांडला. हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर यूरोपने स्वतःसाठी वायूची नवी बंदरे उभारली आणि आफ्रिकेकडूनही वायू मागितला. तेव्हा तर त्याची धार अधिकच वाढली. मात्र त्यातून जीवाश्म इंधनांना कर्ज द्यावे असा निष्कर्ष निघतोच असे नाही. निर्यातीसाठीच्या वायू प्रकल्पांतून स्थानिक घरांत वीज येत नाही, आणि ग्रामीण भागात सूक्ष्म विद्युत्-जाळी पुष्कळदा स्वस्त पडते. खरी उणीव निराळी आहे : बंद केलेल्या कर्जाइतकाच पैसा त्याच देशाला, तितक्याच सोप्या अटींवर, सौर व पवन ऊर्जा, पारेषण वाहिन्या आणि कोळशावर पोट असणाऱ्या कामगारांचे पुनर्वसन यांसाठी मिळेल, याची हमी बँकांनी क्वचितच दिली आहे. दबाव आणणाऱ्या संघटनांनीही नकाराच्या मागणीवर जितका भर दिला, तितका या हमीवर दिलेला नाही.

सद्यःस्थिती : नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत ३० हून अधिक देशांनी व काही सार्वजनिक वित्तसंस्थांनी, परदेशांतील कार्बन न रोखणाऱ्या जीवाश्म ऊर्जेला द्यावयाचे नवे थेट सार्वजनिक साहाय्य २०२२ च्या अखेरपर्यंत थांबविण्याचे निवेदन प्रसिद्ध केले. ब्रिटनने तेच धोरण मार्च २०२१ अखेर लागू केले होते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात हवामानाचे संरक्षण करणे हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे म्हटले व जीवाश्म इंधनांना दिलेली अनुदाने हीदेखील आंतरराष्ट्रीय दृष्ट्या अवैध कृती ठरू शकतात, असे सूचित केले. याउलट जून २०२५ मध्ये जागतिक बँकेच्या संचालक मंडळाने अणुऊर्जेवरील बंदी उठविताना वायूच्या उत्खननाचा प्रश्न पुन्हा चर्चेला घेतला. त्यावर त्या वेळी एकमत झाले नाही.

मोझँबीकच्या काबो देल्गादो प्रांतातील द्रवीभूत वायू प्रकल्पात हे दोन्ही प्रवाह समोरासमोर आले आहेत. ब्रिटनच्या निर्यात-पत संस्थेने २०२० मध्ये त्याला ११५ कोटी डॉलरचा पाठिंबा जाहीर केला होता. त्याविरुद्ध ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संघटनेने लावलेला दावा अपील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळला. २०२१ मध्ये सशस्त्र गटांच्या हल्ल्यांनंतर प्रकल्पाचे काम थांबले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने त्याच प्रकल्पासाठी सु. ४७० कोटी डॉलरच्या कर्जाला पुन्हा मान्यता दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनने आपला पाठिंबा मागे घेतला.